पुसलेली चौथी ओळ

मित्रांनो, औंढा नागनाथहून जवळा बाजारला जाताना एका ओढ्याकाठी मी पडलो आहे. अक्षरं कोरलेला एक जुना दगड. हजारेक वर्षांपूर्वी ज्यांनी इथं विहीर बांधली, त्यांनीच मला घडवलं. ते मला मोठ्यानं वाचत. पुढं वाचणारे संपले, विहीर बुजली आणि ऐकलेलं मीही हळूहळू विसरलो.

१९७४ साली रामकिशन गुरुजी आले. जुन्या काळी लिहिणारे लोक स्वतःला कोण म्हणवत आणि दुसरे त्यांना कोण म्हणत, हा त्यांचा अभ्यास. दर रविवारी ते सायकलीवर येत, माझी माती काढत, ओला कागद थापटून एकेका ओळीचा ठसा घेत.

एकदा ते धुणं धुणाऱ्या जनकाबाईंना म्हणाले, "मावशी, बाकीच्या लेखांत राजा सांगतो, हे लोक कोण. इथं चौथ्या ओळीत लोकच आपल्या तोंडानं सांगून राहिले, आमी अमुक."

"मंग कोण व्हते ते?"

"नावाची दोनच अक्षरं लागली. या ओळीचा ठसा घ्यायचा राह्यलाय. पुढच्या रविवारी घेतो, मंग नाव लागंल."

माझा आनंद गगनात मावेना. पण तेवढ्यात गावचे जमीनदार उकंडराव आले.

"गुरुजी, नाव आमच्याच वाडवडलांचं हाय ना?"

"तसं वाटत न्हाई, मामा. आज गावात हायेत त्यातल्या कुणाचंच न्हाई."

"म्हंजे आमी भायेरचे? उद्या कुणी म्हणंल, जमीनबी तुमची न्हाई!"

"तसं नसतं. माणसं मिसळतात, नावं बदलतात."

उकंडराव ऐकायला थांबलेच नाहीत.

बुधवारी भरदुपारी ते नरसिंग पाथरवटाला घेऊन आले. नरसिंगानं हात जोडले. "मालक, लिव्हलेलं हाय. पाप लागंल."

"तुला वाचता येतं का? मंग फोड!"

छिन्नी चालली. चौथी ओळ गेली.

रविवारी गुरुजी कागद भिजवून वाकले, तर तिथं नुसता खड्डा. बोटांनी ते कितीतरी वेळ चाचपत राहिले.

"आमी पाह्यलं, गुरुजी," जनकाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "पर त्यायच्या आडवं कोण जाणार?"

गुरुजींनी ओला कागद चुरगाळला आणि सायकल हातात धरून चालत निघाले. पुन्हा आले नाहीत. अभ्यास सोडला म्हणे.

मित्रांनो, तुमच्या शिवारात असा दगड असेल, तर आधी सगळ्या ओळी कागदावर उतरवून घ्या. नाव कुणाचं, ते भांडण मग करा. माझ्यासाठी मात्र कुणी येऊ नका. माझी माणसं आता दुसऱ्यांदा मेली आहेत, आणि या खेपेला त्यांचं नाव सांगणारं कुणी उरलेलं नाही.