दार उघडं हाय

आमच्या उंबरआईच्या देवळाला दार नाही. हसनाबादकडून दर्शनाला येणारी माणसं आधी तेच विचारतात आणि आमचे हे, म्हणजे बद्रीनाथराव, घसा खाकरून गोष्ट सांगायला लागतात. फार मागे ह्यांच्याच घराण्यातली एक लेक सासरच्या जाचाला कंटाळून तिन्हीसांजेला माहेरी आली. भावानं दार उघडलं नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली आणि सकाळी तिच्या जागी शेंदरी दगड होता. देवी झाली! भावाला पश्चात्ताप झाला. त्यानं तिथंच देऊळ बांधलं, पण दार लावलं नाही.

तेव्हापासून दर नवरात्रात अष्टमीला आमच्या घरातला कर्ता पुरुष साडीचोळी घेऊन देवीपुढं उभा राहतो आणि तीनदा म्हणतो, "बाई, दार उघडं हाय, माहेराला चल." दगडच तो, येतो कुठं? मग मी ओटी भरते आणि सगळे जेवायला बसतात. तिसऱ्या हाकेला ह्यांना न चुकता रडू येतं. डोळे पुसायचा रुमाल आदल्या दिवशी मीच इस्त्री करून ठेवते.

यंदा सप्तमीच्या दुपारी ह्यांची धाकटी बहीण शालू सासरहून, जालन्याहून आली. ओठ फुटलेला, हातात एक पिशवी. ह्यांनी तिला फाटकातच अडवलं.

"ऐन सणात हे काय करून राह्यली तू? उद्या पाव्हणे येणार. लोक काय म्हणतील?"

"दादा, मारून हाकललं त्यांनी मला. न्हाई जात मी परत."

"दसऱ्यानंतर बघू. मी बोलतो जावयाशी. आता जल्दी निघ, गाडी भेटंल."

बहिणीचा ओठ ह्यांना दिसला नाही, लोकांची तोंडं तेवढी दिसली. मी मध्ये बोलले तर म्हणाले, "तू भाकरी बघ." आजवर तेच तर बघत आले. शालू गेली ती सरळ देवळात. तिला कोण अडवणार तिथं? जेवणाचा डबा मी नेऊन दिला.

अष्टमीला निघताना ह्यांनी घराला कुलूप घातलं. एरवी दिवसा कधी घालत नाहीत. आपण नसताना शालू घरात शिरेल, ही भीती. चावी खिशात, इस्त्रीच्या रुमालाखाली गेली. असल्या माणसाच्या नावाचं कुंकू लावते मी!

देवळात अख्खं गाव जमलं होतं. यंदा माइक होता. शालू देवीशेजारच्या खांबाला टेकून बसली होती. ह्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा ठरल्याप्रमाणे गळा भरून आला.

"बाई, दार उघडं हाय, माहेराला चल."

शालू उठली. पिशवी उचलून ह्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. "चल दादा."

माइकवरून ते सगळ्या गावानं ऐकलं. ह्यांचा रुमाल अर्धाच बाहेर आला होता.

"अगं, रीत हाय ती," हे चाचरत म्हणाले. "देवीला म्हणून राह्यलो मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचला, पुढं झाले आणि हात पसरला. "अहो, दार उघडं हाय म्हणता ना? मंग चावी द्या."

शेजारची म्हातारी कांताबाई फस्सकन हसली. मग सगळ्याच बाया हसल्या. ह्यांनी चावी दिली. डोळे पुसायचे राहूनच गेले.

शालू आता आमच्याकडंच आहे. आणि हे? फाटकात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "देवीनं दृष्टांत दिला मला. म्हणली, बद्री, तुझ्या बहिणीच्या रूपात मीच आल्ते. बिलकुल झोप न्हाई आली मंग. जाऊन घेऊन आलो तिला." ऐकणारे हात जोडतात.

मी भाकरी थापता थापता ऐकते. पण ती जुनी गोष्टही आता मला पटेनाशी झाली आहे. उंबऱ्यावर ती बाई मेली असणार. देवी झाली, हे गावाला सांगितलं कुणी? भावानंच ना!