चुकलं की वाजणारी घंटी

“बाई, आमचं एक तरी वाक्य तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंय का?”

मैत्रिणींनी डिवचलं होतं, “विचारून दाखव, मग मानू तुला!” म्हणून आमच्या वर्गातल्या बडबडीने विचारलंच. बाईंचा हात माझ्याकडे येता येता हवेतच थांबला.

मित्रांनो, मी एक जुनी टेबलावरची घंटी आहे. पितळी अंग, डोक्यावर बटण. आधी मी एका दवाखान्याच्या खिडकीत होते. तिथे मला दाबलं की कुणीतरी धावत यायचं. मग मी परक्या भाषेच्या वर्गात आले. इथे मला दाबलं की बोलणारं गप्प होतं.

नियमच तसा. बोलताना चूक झाली की टिंग! वाक्य पुन्हा पहिल्यापासून. पाहुणे यायचे, “वा, काय शिस्त!” म्हणायचे आणि मला उगाच वाजवून बघायचे. मी फुगले. पण मुलं काय कमी? ज्यात चूक होणारच नाही असं वाक्य त्यांनी शोधून काढलं : “मला दूध आवडतं.” झालं! अख्ख्या वर्गाला दूध आवडू लागलं. दुधाच्या वासानेच मळमळणाऱ्या बडबडीलासुद्धा! पुढे तर ती गप्पच बसू लागली. घरच्यांना वाटलं, पोरीला भाषा झेपत नाही. या वर्गातून तिचं नाव काढायचं ठरलं. तेव्हापासून मला बसल्या जागी चैन नव्हती.

आणि मग त्या दिवशी तिचा हा प्रश्न.

“मग काय, चुका तशाच सोडू?” बाई म्हणाल्या.

“नको, नको!” पहिल्या बाकावरचा चष्मिस ओरडला. “मला लगेच सांगा. नाहीतर चूकच पाठ होते.”

“तुझं ठीक आहे रे! टिंग झालं की माझं पुढचं सगळं पोटात परत जातं,” मागची उंच मुलगी म्हणाली.

“चूक मलाही कळायला हवीये,” बडबडी म्हणाली. “पण आधी ऐका ना!”

बाईंनी मला उचलून खिडकीत ठेवलं. “बोल.”

आणि ती जी सुटली! दुधावरची साय, पेला घेऊन मागे धावणारी आत्या, पलंगाखाली लपणं... चुकांचा नुसता सडा! माझं बटण शिवशिवत होतं. वर्ग हसला, तो आत्याला. शेवटी बाईंनी मोजक्याच चुका सांगितल्या. तिने ती वाक्यं लगेच सुधारून म्हटली.

हल्ली माझ्यावर धूळ असते. चष्मिस मात्र त्याची पाळी आली की मला पुसून बाईंसमोर ठेवतो. त्याला मी हवी असते, इतरांना नको. मित्रांनो, कुणाला सुधारण्याआधी एवढं तरी विचारा ना, की आत्ता सांगू की नंतर?

काल बडबडीचे आईबाबा वर्गात आले.

“बाई, तिला काही जमत नाही, तर यंदा नाव काढून...” बाबांनी सुरुवात केली.

“नाही, बाबा,” बडबडी उभी राहिली. कान लालभडक. “आई, तूपण ऐक. मी नाव काढणार नाहीये. तोंडी परीक्षेला बसणार आहे. नापास झाले, तर पुन्हा बसेन.”