मुगाएवढं चाक

“फूट कुठाय?”

नवऱ्याने केस धरून तिचं डोकं शिलाई मशीनवर आपटलं. दोऱ्याची रिळं घरंगळत दारापर्यंत गेली. तिथे बसलेल्या चार वर्षांच्या लेकीने एक रीळ पायाने अडवलं, आणि बापाकडे बघून पाय पटकन आखडून घेतला.

पळून जायला तिने भरून ठेवलेली पिशवी पलंगाखाली त्याला सापडली तेव्हा तो हसला होता. मशीनकडे पाहिल्यावर ते हसू विरलं. सुईखालचा फूट जागेवर नव्हता. कातडं दाबून धरणारं एवढंसं लोखंड, डाव्या अंगाला मुगाएवढं चाक. सात वर्षं कानशीने घासघासून तिने तो बारीक केला होता. लहान मुलांच्या बुटांना काठापासून अर्ध्या सुतावर, वळणावरही न ढळणारी शिवण त्याच फुटाने पडे. तो जवळ असला तर कुठलाही कारखाना तिला कामाला बसवून घेईल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“फूट दे आणि जा मसणात.”

“हरवला.”

लाथ बरगडीत बसली. गेल्या महिन्यात मोडलेल्या त्याच बरगडीत.

सासू कोपऱ्यात बुटांना तळ चिकटवत होती. “तिच्या हाताला लागू देऊ नको रे बाबा,” मान वर न करता ती म्हणाली. “चाळीस जोड कोण शिवणार? तू?”

त्याला तेवढंच पुरलं. फूट असता तर बोट सुईखाली शिरलंच नसतं. आता जागा मोकळी होती. त्याने तिचं बोट तिथे दाबलं आणि मशीनचं मोठं चाक हाताने सावकाश फिरवलं. सुई नखावर टेकली.

“कुठाय?”

चाक फिरलं. नख तडकलं. लेक बघत होती, म्हणून तिने ओरडणं गिळलं.

“आई, माझा बूट टोचतोय.”

त्याचा हात थांबला. सासूने पहिल्यांदाच मान वर केली. नातीच्या उजव्या बुटाचं टोक जरासं फुगलं होतं. तीस वर्षं बूट शिवलेल्या डोळ्यांना तेवढं पुरे होतं.

“नवा बूट टोचतोच, बये. गप बस!” ती खेकसली. मग मुलाकडे वळली, “आणि तू रे? सुई वाकवलीस हाडात. शेजारून पक्कड आण. की दातांनी उपटू?”

रक्त पाहून तो पांढराफटक पडला होता. तो गेला.

पक्कड लागतच नाही, हे त्याला कुठून कळणार? मशीनवर तो कधी बसलाच नव्हता. सासूने कात्रीच्या टोकाने सुईचा स्क्रू सैल केला. बोट सुईसकट सुटलं.

“मागच्या दाराने जा. पिशवी राहू दे.”

“आत्याबाई, तुम्ही?”

“मला काय होतंय? मीच जन्माला घातलाय त्याला.”

लेकीला घेऊन ती बोळात पोचेपर्यंत मागून मशीनचा आवाज सुरू झाला. शेजारपर्यंत ऐकू जाईल एवढा. सुई नाही, फूट नाही, तरी सासू पायडल मारत होती.

“आई, टोचतंय ना!”

“माहितीये गं बाळा. वळणापर्यंत चाल.”

वळणावर एका पायरीवर बसून तिने चांगल्या हाताने बूट काढला आणि टोकातला फूट बाहेर घेतला. लेकीच्या अंगठ्यावर मुगाएवढा लाल ठसा उठला होता. ती वाकली आणि त्यावर हळूच फुंकर घालत राहिली. बोटातल्या सुईचं नंतर बघता आलं असतं.