मान हलवणारा

"भावजी, तो मैदानात कसा होता ते मला सांगा. उगाच गोड नको, खरं सांगा."

ऑर्लीनने अल्व्हिसला हे विचारलं तेव्हा मांडवातल्या खुर्च्या भरत आल्या होत्या. अलाबामातल्या त्या गिरणीच्या गावात बेसबॉलच्या मैदानाला आज तिच्या दिवंगत नवऱ्याचं नाव देणार होते आणि तिला दोन शब्द बोलायचे होते. पंचाईत अशी, की क्लिओफस टॅगर्टने टाकलेला चेंडू न पाहिलेली गावात ती एकटीच असावी. सामने रविवारी, आणि रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात कोंबडी तळायचं काम तिच्याकडे. घरी आल्यावर विचारलं तर तो म्हणे, "मी टाकतो, त्यांच्या बॅटला लागत नाही. आणखी काय?" गावात मात्र त्याच्याकडून बाद झालेले म्हातारे ते मेडल मिळाल्यासारखं सांगत.

अल्व्हिस बून हा त्याचा कॅचर, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. जन्मभर त्याचे चेंडू झेलून बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी झालेली.

"हट्टी होता," अल्व्हिस म्हणाला. "मी बसल्या जागेवरून बोटांनी खूण करायचो, असा टाक म्हणून. हा मान हलवायचा, नाही म्हणून. दुसरी खूण केली, तरी नाहीच."

घरी त्या माणसाने ऑर्लीनला कधी नाही म्हटलं नव्हतं. पुढच्या खोलीला पिवळा रंग? दे. आई राहायला येतेय? येऊ दे. मग खरा क्लिओफस मैदानातच राहिला आणि घरी आला तो नुसता दमलेला होकार, असं तिला वाटलं.

"मला तो कधी नाही म्हणाला नाही," ती म्हणाली. "म्हणजे त्याच्या मनातलं मला कळलंच नाही की हो."

अल्व्हिसने तिच्याकडे नीट पाहिलं.

"वहिनी, शेवटी तो माझ्या पहिल्याच खुणेवर यायचा. आमचं ठरलेलंच होतं तसं. मान हलवायची ती बॅटवाल्याला घोळात घ्यायला. माझ्यासाठी नव्हतीच ती."

"आणि घरी?"

"घरी कोण उभं होतं बॅट घेऊन?"

तेवढ्यात नगराध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. ऑर्लीन माइकपाशी गेली.

"मी त्याचा एकही सामना पाहिला नाही," ती म्हणाली. मांडवात कुजबुज झाली. "घरी तो मला हो म्हणायचा. मनापासून म्हणायचा."

एवढं बोलून ती खाली येऊन बसली. आणखी काही येईल म्हणून लोक थांबले होते. मग अल्व्हिसने आपल्या वाकड्या हातांनी एकट्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.