इस्त्रीवालीचे गार हात

माहेरी-सासरी तिला सगळे घाईबाई म्हणत. नाव आईनेच ठेवलेलं. इस्त्रीचं दुकान मूळ आईचं, धंदाही तिनेच शिकवला, पण लेकीचा झपाटा पाहून तीही हात टेकायची. तोंडाने गिऱ्हाइकाशी गप्पा, हाताखाली शर्टाची कॉलर आणि मधेच चहाचा घोट, असा सगळा कारभार.

मग गळ्यात गाठ निघाली. कॅन्सर होता, पण गरीब स्वभावाचा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थायरॉइडचा अर्धा भाग काढला की भागणार होतं, आणि भागलंही. "उरलेला अर्धा बहुतेक काम सांभाळेल. नाही जमलं त्याला, तर रोज एक गोळी. फक्त रक्त तपासत राहा," त्यांनी बजावलं. पहिली तपासणी चांगली आली. गोळी लागली नाही म्हणून घरात कोण आनंद. "एकटा दोघांचं काम ओढतोय. मालकिणीवर गेलाय," धाकटा भाऊ म्हणाला.

पुढच्या तपासणीच्या सुमारास आईने अंथरूण धरलं. दुकानाला कुलूप लागलं आणि तपासणी राहून गेली. स्वतःच्या दुखण्याची वेळ आली की घरातल्या बायकांना नेमकी दुसऱ्या कुणाची तरी सेवा आठवते.

हळूहळू घाईबाईची घाई सरली. बसल्या जागी डोळे मिटायचे. चेहरा सुजला, आवाज जड झाला, भर दुपारी स्वेटर लागायला लागला. आई चालली आहे हे कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं. दगदगीने होत असेल, असं नवऱ्यापासून भावापर्यंत सगळे धरून चालले.

आईला मात्र शंका आली. "हात एवढे गार का गं तुझे?"

"दुकान बंद आहे ना. इस्त्रीपासून लांब बसलं की होतं असं."

"मला नको शिकवू. मी जन्मभर इस्त्री केली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा माझे हात कधी गार पडले नाहीत. जाऊन दाखव."

"जाईन. आधी तू बरी हो."

आई नुसती हसली.

त्या दुपारी भाऊ औषध आणायला गेला. "ताई, झोपू नकोस हां," म्हणून गेला. ती आईचा हात हातात घेऊन बसली आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. भावाने गदागदा हलवलं तेव्हा जाग आली. आई केव्हाच गेली होती.

"हात तुझ्या हातात होता. गार पडलेला तुला कळला कसा नाही?"

ती आईच्या आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. तिला दोन्ही सारखेच गार वाटत होते. डोळ्यांत टिपूस आला नाही, नंतरही नाही. "काळीज दगडाचं आहे तुझं," भाऊ म्हणाला आणि त्याने तिच्याकडे येणं सोडलं.

शेवटी नवऱ्याने ओढत दवाखान्यात नेलं. उरलेल्या अर्ध्या थायरॉइडने कधीच मान टाकली होती. झोप, गारठा, मनाचं बधिरपण, सगळं त्यातूनच आलेलं. तिने एकच विचारलं, "आधी आले असते तर मी जागी राहिले असते?"

"कदाचित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खात्रीने नाही सांगता येणार."

त्या एका शब्दाने तिचं जगणं नकोसं केलं.

गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. काही आठवड्यांनी स्वेटर सुटला, दुकान उघडलं. एक दिवस भाऊ आईची शाल घेऊन आला. "इस्त्री करून दे. जपून ठेवायची आहे," तो खाली बघून म्हणाला.

तिने शाल पसरली, पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. गरम लोकरीतून आईचा वास वर आला, आणि इतके दिवस अडलेलं रडणं एकदम फुटलं. भावाने घाईघाईने इस्त्री बंद केली, तिचे हात धरले आणि तो दचकला.

"ताई, हात गरम आहेत तुझे."

"गोळी घेते ना आता. तेव्हा माझेही आईसारखेच गार होते," ती हुंदके देत म्हणाली. "आईने सांगितलं होतं रे मला, जाऊन दाखव म्हणून."