थंडीतला सराव

आमच्या नाहूरच्या रो-हाऊसमध्ये लाईट कधी जातच नाही. तरी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, गावच्या सवयीने डिझेल जनरेटर घेतलाच. वर "थंडीत मशीन आखडता" म्हणून रोज सकाळी मेन स्विच पाडून ते अंगणात जनरेटर धडधडवतात; त्यावर दिवे तेवढे लागतात आणि इथे माझी चटणी मिक्सरमध्ये अर्धवट राहते.

काल पुन्हा मिक्सर थांबला. मी ओरडले, "बाबा, पुरे हं आता! स्विच लावा!"

तोंडाला साबण तसाच ठेवून बाबा मोरीतून धावत आले. "सुलक्षणा गो, आज मी नाय! आज खरीच गेली!"

नातू झाल्यासारखा आनंद! पण जनरेटर सुरूच होईना. टाकीत डिझेलचा थेंब नव्हता. सगळं सरावातच जळलं होतं.

"पण बघ," बाबा म्हणाले, "मशीन जरापण आखडूक नाय!"