रडणारं पिस्तूल आणि मिटलेली नळी

"पंखे बंद!" नातूबाबा म्हणाले. भिंतीवरची बटणं पटापट बंद झाली. "खिडक्याही लावून घ्या. पंख्याच्या आवाजाने कप्तानसाहेबांना तोफा आठवतात, आणि उघड्या खिडकीतून शांती बाहेर जाते."

शांती आत कोंडली गेली, आणि आम्हीही. बॅटऱ्यांच्या दुकानावरचा तो भाड्याचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. घाम, ओले कपडे, शेकडो श्वास. थोड्या वेळात खिडक्यांच्या काचांवर आतून वाफ धरली. कुणी आपला लुळा पडलेला हात दुसऱ्या हाताने सांभाळत होतं, कुणाच्या मांडीवर तापाने मलूल झालेलं पोर होतं. माझ्या ताईच्या मांडीवर तिची सहा वर्षांची मुलगी होती. तिला आम्ही चिमणी म्हणतो. चिमणीला फिट्स येतात.

नातूबाबा हे नाव लोकांनीच ठेवलेलं. ते म्हणे एका थोर कप्तानाचे नातू, म्हणून नातू; आणि चमत्कार करतात, म्हणून बाबा. एकाच वेळी नातूही आणि बाबाही असलेल्या माणसाच्या वंशावळीत कुठेतरी घोळ असणार, असं माझ्या मनात आलं. पण आजूबाजूला लोक डोळे पुसत होते.

"शंभर वर्षांपूर्वीची लढाई," बाबांनी सूर लावला. "समोर निःशस्त्र बायका-मुलं. हुकूम सुटला, झाडा गोळी! आमचे आजोबा म्हणाले, नाही. वय फक्त एकोणीस! आता बघालच, पिस्तुलावर कोरलेलं आहे. वरच्या साहेबाने त्यांचा हात धरून जबरदस्तीने चाप ओढला. आणि काय झालं?"

"नळी मिटली!" हॉल एका सुरात ओरडला.

"कशी मिटली?"

"जखम मिटते तशी!"

मग जाड पांढरे हातमोजे चढवून बाबांनी मखमलीच्या पेटीतून पिस्तूल बाहेर काढलं. नळीत स्वेटर विणायची सुई घातली. ती बोटभर आत गेली आणि टक्क करून थांबली. मग पिस्तुलाचं तोंड खाली धरून त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून आपापलं दुःख आठवायला सांगितलं. दुःखाला भरपूर वेळ दिला. डोळे उघडले तेव्हा ते काळं पोलाद ओलं झालं होतं. बारीक थेंब एकमेकांत मिसळून खाली घरंगळले आणि नळीच्या टोकावर एक टपोरा थेंब लोंबू लागला.

"रडलं! कप्तानसाहेब रडले!"

लोक बाटल्या घेऊन पुढे सरकले. बाबा कापसाच्या बोळ्याने पिस्तूल टिपायचे आणि तो बोळा बाटलीतल्या पाण्यात पिळायचे. पाण्यावर तेलाचा बारीकसा तवंग यायचा. त्यालाच ते 'तेज' म्हणत. आमची पाळी आली तेव्हा बाबांनी पिस्तुलाची नळी चिमणीच्या कपाळाला टेकवली.

पिस्तुलाची नळी. आजारी मुलीच्या कपाळाला. आणि तिची आई हे भक्तिभावाने बघत होती. मला किळस आली.

"गार आहे!" चिमणी किंचाळली.

"कप्तानसाहेबांची शीतल माया," बाबा म्हणाले.

बैठक संपल्यावर ताईने मला पुढे ढकललं. "बाबा, ही माझी धाकटी बहीण. शास्त्र शिकलीय. संग्रहालयात असते, जुन्या तलवारी-पिस्तुलांचा गंज काढते."

बाबांचे डोळे चमकले. "मग तुम्हीच सांगा जगाला, अस्सल आहे की नाही!"

त्यांनी पिस्तूल माझ्यासमोर धरलं. आता ते कोरडं आणि कोमट होतं. माझ्या पर्समध्ये भिंग कायम असतं. मी निवांत पाहिलं: वरचा सरकता भाग, मुठीचा सांगाडा, नळी, आणि ते कोरलेलं 'वय'.

"काय म्हणता?" बाबांनी विचारलं.

"युद्धातलंच आहे," मी खरं तेच सांगितलं. "जुनं आहे."

"उद्या बैठकीत सांगाल?"

"सांगेन की. सगळं सांगेन."

घरी जाताना भावजींनी हळूच विचारलं, "खरंच अस्सल आहे?" भावजी पाण्याचे पंप दुरुस्त करतात आणि घरात फारच कमी बोलतात. त्यांचं म्हणणं, पंपाला आवाज असतो, नवऱ्याला नसतो.

"पिस्तूल अस्सल आहे, भावजी. गोष्ट बनावट आहे. फक्त ते रडतं कसं, ते मला अजून कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी दूध पिता पिता एकदम ताठ झाली. कप खाली पडला. डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सारली. ताई अश्रूंची बाटली उघडून तिच्या तोंडाशी नेत होती. मी तिचा हात धरला.

"तोंडात काही घालायचं नाही, ताई! श्वासनलिकेत जाईल."

झटके थांबले. चिमणी गाढ झोपली. मी कपाट उघडून तिच्या गोळ्या काढल्या. पाकीट जवळपास भरलेलंच होतं.

"या कधी बंद केल्यास?"

"बाबांनी सांगितलं तेव्हा. गोळी पोटात गेली की अश्रू काम करत नाहीत."

"या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट्स वाढतात. जिवावर बेतू शकतं!"

"आधी वाढतं, मग जातं, असं बाबा म्हणाले होते," ताई भिंतीकडे बघत म्हणाली. "आता एवढं करून मी माघार घेऊ? आणि तूच काल म्हणालीस, जुनं आहे, युद्धातलं आहे. आजची बैठक होऊ दे."

माझंच अर्धं वाक्य माझ्या अंगावर आलं. डॉक्टरांना फोन केला. गोळी ताबडतोब सुरू करा, मुलीला घेऊन या, म्हणाले. ताईने पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं; भावजींचंही ऐकेना, जागची हलेना.

चिमणी उठली. कुरकुरत म्हणाली, "मावशी, मला ते पाणी नको. त्याला सायकलच्या चेनचा वास येतो."

मी टेबलावरच्या बाटलीकडे रागाने पाहिलं. ताई ती फ्रीजमध्ये ठेवायची. चिमणीला पाजायला तिने ती नुकतीच पुन्हा बाहेर काढली होती. बाटलीच्या बाहेरून थेंब ओघळत होते आणि टेबलावर पाण्याचं गोल वर्तुळ उमटलं होतं. अश्रूंची बाटली स्वतःच रडत होती.

गार आहे, असं चिमणी काल ओरडली होती. जाड हातमोजे. बंद पंखे. बंद खिडक्या.

"भावजी," मी म्हणाले, "तुमचा सगळ्यात मोठा पान्हा कुठेय?"

पाइपचे नट आवळायचा तो जाडजूड पान्हा दिवसभर बर्फाच्या कप्प्यात पडून राहिला. संध्याकाळी भावजींनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला.

हॉलमध्ये पंखे बंद झाले, शांती कोंडली गेली, पिस्तूल रडलं. मग बाबा गरजले, "आज संग्रहालयाच्या बाई स्वतः आल्या आहेत! बोला बाई, अस्सल की नक्कल?"

"अस्सल," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. "एक नाही, तीन अस्सल पिस्तुलं आहेत. वरच्या भागावर एक नंबर आहे, सांगाड्यावर दुसरा, नळीवर तिसरा. सैन्यातल्या या पिस्तुलाच्या तिन्ही भागांवर एकच नंबर असतो. तीन मोडक्या पिस्तुलांचे भाग जोडून हे एक केलंय. कप्तानसाहेबांनी यातलं नेमकं कुठलं हातात धरलं होतं?"

टाळ्या थांबल्या.

"आणि नळी मिटलेली नाही, बुजवलेली आहे. जुनं पिस्तूल शोभेसाठी विकायचं तर ते आधी निकामी करावं लागतं. नळीत पोलादाची खीळ ठोकतात, वरून वेल्डिंग करतात आणि तसा शिक्का मारतात. माझ्या कामावर अशी पिस्तुलं नेहमी येतात. तो शिक्का इथे आहे. त्याच्या शेजारचे आकडे कप्तानसाहेबांचं वय सांगत नाहीत. ते निकामी केल्याचं साल आहे. एकोणीस, म्हणजे दोन हजार एकोणीस."

"तरीच!" मागून एक बाई बोलल्या. "एकोणिसाव्या वर्षी कप्तान? आमचा एकोणीसचा आहे, त्याला उठवायलाच कप्तान लागतो!"

लोक हसले. बाबा हसले नाहीत, पण डगमगलेही नाहीत. "शिक्का माणसांनी मारला असेल! पण अश्रू? अश्रूंना वेल्डिंग करता येतं का, बाई?"

हॉल पुन्हा त्यांच्या बाजूने झुकला. मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी टॉवेल सोडला आणि पान्हा उंच धरला. बघता बघता लोखंडावर धुरकट पांढरा थर आला, तो विरघळला, थेंब जमले, ओघळले, आणि खालच्या टोकावर एक टपोरा थेंब लोंबू लागला.

"घ्या!" भावजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एवढ्या माणसांसमोर बोलत होते. "माझ्या पान्ह्याला पान्हा फुटला!"

हशा पिकला. मला वाटलं, जिंकलो. पण बाबा तोवर उठून उभे राहिले होते. "बघितलंत? लोखंड लोखंडाचं नातलग! कप्तानसाहेब गरिबाच्या पान्ह्यातही उतरले!"

आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा खरोखरच उठले, लगबगीने भावजींजवळ आले आणि त्यांनी आपली बाटली पान्ह्याखाली धरली. त्यांच्यामागे आणखी दोघं.

इतकी किळस मला पिस्तुलाची आली नव्हती. आजोबांची नाही आली. ती बाटली ते कुणासाठी तरी नेत होते. किळस आली ती हे बघून समाधानाने मान डोलावणाऱ्या त्या पांढऱ्या हातमोज्यांची.

"भावजी, पंखे लावा!" मी ओरडले. "खिडक्या उघडा! आणि ताई, तू पुढे ये. त्या पेटीत हात घाल."

"पेटीला स्पर्श चालत नाही!" बाबा म्हणाले.

"माझ्या मुलीच्या कपाळाला चालतो," ताई म्हणाली, "मग माझा हात का नाही चालत?"

तिने मखमल उचलली. खाली थर्माकोल होतं आणि त्यात निळ्या जेलच्या गोठवलेल्या पिशव्या, आइस्क्रीम घरपोच आणताना डब्यात असतात तशा. तिने एक पिशवी उचलून शेजारच्या बाईच्या हातात दिली, तिने पुढच्या माणसाला. पिशवी हातोहात हॉलभर फिरली. ज्याच्या हातात पडे तो दचकून "गार!" म्हणे.

मी समजावून सांगितलं. बंद खोलीत माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ साठते. ती थंडगार लोखंडाला लागली की तिचं पाणी होतं. पंखे चालू आणि खिडक्या उघड्या असतील तर वाफ बाहेर जाते, लोखंड लवकर कोमट होतं आणि रडणं थांबतं. म्हणून पंखे बंद. लोखंड किती गार आहे ते तुम्हाला कळू नये म्हणून हातमोजे. आणि ते 'तेज' म्हणजे पिस्तूल गंजू नये म्हणून लावलेलं तेल. तुम्ही आपल्याच घामाची वाफ आणि यंत्राचं तेल पीत होतात.

पंखे गरगरत होते. बाबांच्या हातातलं पिस्तूल हळूहळू सुकत चाललं होतं.

ताई त्यांच्यासमोरून हलली नव्हती. "गोळ्या बंद करायला का सांगितलंत?"

"मी कुठे सांगितलं, ताई?" बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले. "मी फक्त सेवक. सांगितलं कप्तानसाहेबांनी."

ताईने चिमणीला उचललं आणि ती सरळ जिना उतरली. तिथून आम्ही थेट डॉक्टरांकडे गेलो. चिमणीने गोळी घेताना नेहमीसारखं तोंड वाकडं केलं, आणि ताई तिथे दवाखान्याच्या बाकावर बसून हुंदके देऊन रडली.

चिमणीच्या फिट्स आता आटोक्यात आहेत. पूर्ण थांबल्या, असं मी म्हणणार नाही. असं छातीठोक बोलणं बाबांनाच जमतं. ते हॉल सोडून गेले, पेटी घेऊन. दुसरीकडे कुठेतरी पंखे बंद करत असतील. त्या आजोबांचं काय झालं, मला माहीत नाही. त्यांची बाटली ज्याच्यासाठी होती, त्याच्या गोळ्याही कुणी बंद केल्या असतील का, हा विचार मनातून जात नाही.

म्हणून ही विनंती. चमत्काराला विरोध करण्यासाठी कुणाला पदवी लागत नाही आणि भिंगही लागत नाही. फक्त म्हणा, मला हात लावू द्या. पंखे लावून करून दाखवा. खिडकी उघडून करून दाखवा. जे खरं असतं ते उजेडात आणि वाऱ्यातही खरंच राहतं. ज्याला हे चालत नाही, त्याच्या हातात आपलं मूल देऊ नका. आणि गोळी बंद करायची की चालू ठेवायची, हे ज्याने मुलाला तपासलं त्या डॉक्टरालाच विचारा. लोखंडाला विचारू नका. लोखंडाला काही माहीत नसतं.